गावाच्या हातांनी उभी राहिलेली शाळा

बुर्किना फासोत मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तिथली नेहमीची खेड्यातली शाळा म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, लहान खिडक्या आणि वर थेट पत्रा. सकाळचे दहा वाजले की पत्रा तापतो आणि खाली दाटीवाटीनं बसलेल्या मुलांचं लक्ष फळ्यावरून उडतं. जूनमध्ये पाऊस लागला की त्याच पत्र्यावर सरी अशा कोसळतात, की शिक्षकाला बोलणं थांबवावं लागतं. मुलांनी प्रश्न विचारावेत, एकमेकांशी बोलत शिकावं, हातानं काही करून पाहावं, असं आपण सगळेच म्हणतो. पण शिक्षकाचा आवाजच मागच्या बाकापर्यंत पोचत नसेल आणि घामानं वही ओली होत असेल, तर यातलं काही सुरूच होत नाही. म्हणून आफ्रिकेतल्या शाळांविषयी लिहिताना मी अभ्यासक्रमाआधी छपराकडे वळणार आहे.

गांदो हे गाव राजधानी वागादुगूच्या आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, तेनकोदोगो या शहरापासून जवळ आहे. १९९०च्या दशकात तिथे वीज नव्हती, नळ नव्हता. याच गावच्या प्रमुखाच्या घरी १९६५ साली दियेबेदो फ्रान्सिस केरे जन्मले. वडिलांना वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं वाचून त्यांचा अर्थ सांगणारं कुणीतरी घरात असावं, म्हणून त्यांनी थोरल्या मुलाला शिकवायचं ठरवलं. गावात शाळा नव्हती, तेव्हा सात वर्षांच्या फ्रान्सिसला तेनकोदोगोला नातेवाइकांकडे पाठवलं. गावातून शाळेत गेलेला तो पहिला मुलगा. तिथल्या वर्गात शंभरावर मुलं कोंबलेली असत आणि आत उजेड व हवा दोन्हींची वानवा होती. पुढे १९८५ साली सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये दिवसा सुतारकाम आणि संध्याकाळी शाळा असं करत शिकले आणि तिशीत तिथल्या तंत्रविद्यापीठात वास्तुकला शिकू लागले.

लहानपणची एक आठवण ते सांगतात. सुट्टी संपवून गावातून निघताना ते घरोघरी निरोप घ्यायला जात. बायका कमरेच्या कापडाच्या गाठीतलं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवत. कित्येकींकडे ते शेवटचंच असे. या सगळ्यांची माझ्यावर एवढी माया का, असं त्यांनी एकदा आईला विचारलं. आई म्हणाली, त्या तुझ्या शिक्षणाचा खर्च उचलतायत. तू शिकून परत येशील आणि गावासाठी काही करशील, ही त्यांची आशा आहे. गांदोच्या शाळेत गावाचा वाटा इथपासूनच सुरू होतो, असं मला वाटतं. पहिली वीट पडायच्या कितीतरी आधी गावानं त्यात पैसे घातले होते.

विद्यार्थी असतानाच, १९९८ साली, केरे यांनी बर्लिनमध्ये गांदोच्या शाळेसाठी एक संस्था स्थापन केली. बरोबरच्या विद्यार्थ्यांना त्यांनी कॉफी-सिगारेटचे थोडे पैसे वाचवून शाळेला द्यायला सांगितलं. दोनेक वर्षांत सुमारे ५०,००० डॉलर जमले. २००१ साली शाळा उभी राहिली. त्यांच्या हातात पदवी पडली ती त्यानंतर तीन वर्षांनी, २००४ साली, आणि त्याच वर्षी या शाळेला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. २०२२ साली त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा सर्वोच्च मान मिळवणारे ते पहिले आफ्रिकी. पुरस्कारांचं कौतुक आहेच, पण त्याहून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ती शाळा उभी कशी राहिली.

पैसे जमल्याची बातमी घेऊन केरे गावी आले तेव्हा गाव आनंदलं. शाळा मातीची बांधणार हे कळलं तेव्हा मात्र लोक नाराज झाले. मातीची भिंत पावसाळ्यात धुऊन जाते, दरवर्षी लिंपावी लागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. इतकी वर्षं परदेशात शिकून हा माणूस मातीच घेऊन आला? शिवाय सिमेंट आणि पत्रा म्हणजे प्रगती, अशी तिथली समजूत. आपल्याकडच्या खेड्यांतही ती काही वेगळी नाही. लोकांच्या शंकेला केरे यांनी अडाणीपणा मानलं नाही. शंका खरीच होती, आणि तिचं उत्तर बांधकामातूनच द्यावं लागणार होतं. तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून, साच्यात दाबून त्यांनी विटा करवल्या. कागदावरचा नकाशा गावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हता, तेव्हा जमिनीवर, वाळूत रेघा ओढून त्यांनी आराखडा समजावला. पुढे मातीच्या कमानी करायच्या झाल्या तेव्हा आधी एक कमान नमुना म्हणून उभी केली आणि माणसांनी तिच्यावर चढून उड्या मारल्या. ती तुटली नाही. डोळ्यांदेखत झालेल्या त्या परीक्षेनंतर मातीवर विश्वास बसला.

या शाळेचं छप्पर दुहेरी आहे. वर्गावर विटांचं तक्तपोशीसारखं आवरण आहे आणि त्यात हवा जायला फटी ठेवल्या आहेत. त्याच्या बऱ्याच वर, लोखंडी कैच्यांवर, पत्रा तोललेला आहे. ऊन पत्र्याला तापवतं, पत्रा आणि विटांमधली हवा गरम होऊन वर सरकते आणि कडेनं बाहेर निघून जाते. तिच्या जागी वर्गातली गरम हवा फटींतून वर ओढली जाते, आणि खिडक्यांच्या झडपांतून बाहेरची तुलनेनं थंड हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही. जो पत्रा इतर शाळांत मुलांना भाजून काढतो, त्याच्याच तापण्याचा इथे हवा खेळती ठेवायला उपयोग झाला. पत्रा भिंतींच्या बराच पुढे आलेला असल्यानं मातीच्या भिंतींवर ऊन-पाऊस थेट येत नाही. पावसाचा आवाजही विटांच्या थरामुळे वर्गात कमी पोचतो. जाड मातीच्या भिंती दिवसाची उष्णता हळूहळू शोषतात, त्यामुळे दुपारी आतलं तापमान बाहेरच्याइतकं चढत नाही.

कैच्यांचं काम वेगळ्याच अडचणीतून सुटलं. मोठ्या लोखंडी तुळया गांदोपर्यंत आणणं महाग, आणि त्या वर चढवायला लागणारी क्रेन तिथे येणंच शक्य नव्हतं. मग काँक्रीटमध्ये घालतात त्या साध्या सळया आणल्या. गावातल्या माणसांना हातकरवत आणि लहान वेल्डिंग यंत्र चालवायला शिकवलं, आणि त्यांनीच सळया जोडून कैच्या तयार केल्या. वजन इतकं कमी, की माणसांनी त्या हातानं उचलून वर बसवल्या. शाळा संपली तरी हे कौशल्य गावात राहिलं. इथे शिकलेले कारागीर पुढे देशात दुसरीकडच्या बांधकामांवर मजुरी मिळवू लागले आणि केरे यांच्या नंतरच्या कामांतही त्यांचा हात लागला. पाहुण्या संस्थेनं तयार इमारत आणून ठेवली असती तर गावाला एक इमारत मिळाली असती. इथे गावाला गवंडी आणि वेल्डर मिळाले. बाहेरून पैसे देणाऱ्या प्रत्येकानं या फरकाचा हिशोब मांडायला हवा.

बांधकामात सगळ्यांचे हात लागले. पायासाठी मुलांनी दगड वाहून आणले, बायकांनी पाणी आणलं. जमीन मातीचीच, आणि ती करायची पद्धत तिथली जुनी. माती पसरायची, पाणी शिंपडायचं आणि एका लयीत तासन्‌तास चोपायची. मग दगडानं घासघासून ती गुळगुळीत करायची. चोपायला पुरुषांबरोबर बायकाही होत्या आणि काम गाण्याच्या ठेक्यावर चालायचं. चोपण्यानं चोपलेली, सारवलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. अशा जमिनीची डागडुजी कोण करणार, हा प्रश्न गांदोत आला नाही. ज्यांनी ती केली, ते शाळेपासून चार पावलांवर राहतात. सामुदायिक शाळेची व्याख्या मला विचारली तर मी तिच्या पाटीकडे किंवा समितीच्या नोंदवहीकडे पाहणार नाही. पावसाळ्यानंतर भिंतीला तडा गेला तर तो बुजवायची अक्कल आणि अधिकार गावाकडे आहे का, हे पाहीन.

आता शिकण्याच्या अंगानं हा आराखडा पाहू. पहिल्या इमारतीत तीन वर्ग एका रांगेत आहेत, पण ते एकमेकांना चिकटलेले नाहीत. दोन वर्गांच्या मध्ये मोकळी जागा आहे आणि तिच्यावरूनही तेच छप्पर गेलं आहे. या सावलीच्या जागेला वर्ग म्हणता येत नाही आणि अंगणही म्हणता येत नाही. मुलं तिथे खेळतात, अभ्यास करतात, एखादा गट घेऊन शिक्षक तिथे बसू शकतो. खर्चाच्या दृष्टीनं पाहिलं तर यात भिंत नाही, दार नाही, फक्त छप्पर थोडं लांबवलं आहे. आणि तरी शाळेच्या दिवसात त्यामुळे किती फरक पडतो! चाळीस मिनिटं ओळीत बसून ऐकणं आणि मग घरी पळणं, याखेरीज तिसरं काही करायला जागा असली तरच ते तिसरं काही घडतं. आराखड्यात संवादाला जागा ठेवलीच नाही, तर तो कितीही चांगल्या प्रशिक्षणानं वर्गात आणता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शाळा लोकप्रिय झाली. १२० मुलांपासून सुरुवात होऊन पट पुढे ७०० वर गेला. २००८ साली वर्ग वाढवले, त्यांना फटी ठेवलेला कमानदार माथा दिला. नंतर हाती घेतलेल्या ग्रंथालयाच्या छतात तर मडकी आहेत. गावातल्या बायकांनी केलेली मातीची मडकी आणून त्यांची बुडं आणि तोंडं कापली, आणि छत ओततानाच ती त्यात बसवली. त्या गोल भोकांतून उजेड आत उतरतो आणि गरम हवा वर निघून जाते. बाहेरच्या बाजूनं निलगिरीच्या दांड्यांची जाळी आहे. निलगिरी तिथे जमीन कोरडी करणारं, फारशी सावली न देणारं झाड म्हणून बदनाम आहे. जळणापलीकडे तिला किंमत नव्हती. त्या दांड्यांच्या आड सावलीचे लहान-लहान कोपरे तयार झाले. केरे आपल्या आजीविषयी सांगतात. अंधुक उजेडाच्या खोलीत मुलं तिला बिलगून बसत, ती गोष्टी सांगे आणि तिच्या आवाजानं ती खोली भरून जाई. वास्तू म्हणजे काय याची पहिली जाणीव आपल्याला तिथे झाली, असं ते म्हणतात. लिहिण्या-वाचण्याची परंपरा नसलेल्या गावात ग्रंथालय उभारताना ही आठवण कामी आली असणार. पुस्तकापर्यंत जायची मुलाची वाट ऐकलेल्या गोष्टीतून जाते.

गांदोतली माझ्या मते सर्वांत शहाणपणाची इमारत फोटोंत क्वचितच दिसते. ती म्हणजे शिक्षकांची घरं. शाळेनंतर लगेच, २००४ सालापर्यंत, सहा घरं बांधली गेली. मातीच्या भिंती, वर कमानदार माथा आणि जुन्या झोपड्यांसारखंच आटोपशीर माप. आडगावी नेमणूक झालेला शिक्षक राहायला नीट जागा नसली तर बदलीच्या मागे लागतो आणि वर्ग रिकामे पडतात. ही गोष्ट आफ्रिकेत खरी आहे, तशी गडचिरोलीतही. शाळेचा आराखडा काढताना शिक्षकाच्या चुलीचा विचार करणारे वास्तुकार मी फार थोडे पाहिले.

गांदोत मातीनं जे केलं, ते कुदुगू शहरात जांभ्यानं केलं. तिथे केरे यांनीच उभारलेल्या लीसे शॉर्ज या माध्यमिक शाळेच्या (२०१६) भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. कोकणातल्या वाचकाला हा दगड ओळखीचा. चिरेखाणीतून ओला असताना तो सहज कापता येतो आणि उघड्या हवेत कडक होत जातो. लाल चिऱ्यांच्या नऊ खंडांत वर्ग आणि कार्यालयं, आणि मध्ये सगळ्यांचं मिळून एक अंगण, अशी रचना आहे. वर वारा पकडणारे मनोरे. भोवती पुन्हा निलगिरीची जाळी, आणि तिच्या व भिंतींच्या मधल्या सावलीत मुलं वर्ग सुरू व्हायची वाट बघत बसतात. बाकं आणि खुर्च्या स्थानिक लाकडाच्या आणि छपरातून उरलेल्या लोखंडी तुकड्यांच्या. एका खंडात विद्यार्थ्यांसाठी दाताचा दवाखाना आहे. सर्वांगीण शिक्षण हा शब्द आपण सभांमधून बराच वापरतो. दुखऱ्या दाताच्या मुलाला शाळेतच उपचार मिळणं हाही त्याचाच भाग आहे.

हे सगळं वाचून चांगला वास्तुकार नेमला की काम झालं, असं वाटू नये. आफ्रिकेनं याच्या उलटही पाहिलं आहे. नायजेरियात लागोसच्या खाजणात माकोको नावाची वस्ती पाण्यात खांब रोवून उभी आहे. वास्तुकार कुन्ले अडेयेमी यांनी २०१३ साली तिथे तरंगती शाळा बांधली. २५६ प्लॅस्टिकच्या पिंपांवर तोललेली तीन मजल्यांची लाकडी त्रिकोणी वास्तू. भरती-ओहोटी आणि पूर यांच्याबरोबर वर-खाली होणारी शाळा ही कल्पना विलक्षण होती आणि जगभर तिचं कौतुक झालं. जून २०१६ मध्ये जोरदार पावसात ती कोसळली. मुलांना आधीच हलवलं होतं म्हणून कुणाला इजा झाली नाही. कल्पना चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण सतत पाण्यात असलेल्या लाकडी वास्तूला रोजची देखभाल लागते. ती कुणी करायची, पैसा कुठून आणायचा, याची घडी बसवणं हाही आराखड्याचाच भाग असतो. इजिप्तमध्ये नाईलकाठी लक्सरजवळ वास्तुकार हसन फतही यांनी १९४०च्या दशकात मातीच्या विटांचं नवं गुर्ना वसवायला घेतलं. त्यात शाळाही होत्या. वास्तू देखण्या होत्या, पण ज्यांच्यासाठी त्या होत्या त्या गुर्नेकरांना आपलं जुनं गाव सोडायचंच नव्हतं. त्यांच्याशी बोलणं आधी आणि मनापासून व्हायला हवं होतं. फतही यांना गरिबांविषयी खरी कळकळ होती, म्हणूनच हे उदाहरण मला जास्त लागतं.

आता भिंतींच्या आतल्या शिकण्याकडे वळतो. हात आणि डोकं यांची सांगड घालणारी शाळा आफ्रिकेत नवी नाही. पॅट्रिक व्हान रेन्सबर्ग हे दक्षिण आफ्रिकेच्या परराष्ट्र खात्यातले अधिकारी. वर्णद्वेषी राजवटीची चाकरी नको म्हणून १९५७ साली त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. आजच्या बोट्स्वानातल्या सेरोवे या मोठ्या खेड्यात त्यांनी १९६३ साली स्वानेंग हिल शाळा सुरू केली. विद्यार्थी आणि शिक्षकांनी मिळून ती बांधली. १९६५ पासून त्यांनी 'ब्रिगेड' सुरू केल्या. प्राथमिक शाळेनंतर पुढे जागा न मिळालेली मुलं त्यांत बांधकाम, सुतारकाम, शेती अशी कामं शिकत, आणि त्यांच्या उत्पादनातून शिक्षणाचा खर्च भागावा अशी योजना होती. सेरोवेत राहणाऱ्या लेखिका बेसी हेड यांनी त्या गावावरच्या आपल्या पुस्तकात या प्रयोगाविषयी आस्थेनं लिहिलं आहे. १९८१ साली व्हान रेन्सबर्ग यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

पण या वाटेवर एक खड्डा आहे आणि तो नीट पाहायला हवा. टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ साली स्वावलंबनासाठी शिक्षण अशी भूमिका मांडली. प्रत्येक शाळेला शेत असावं आणि मुलांनी शेतीतून विज्ञान, हिशोब, सहकार शिकावं, अशी कल्पना. कित्येक शाळांत प्रत्यक्षात झालं ते एवढंच, की मुलं शेतात राबली आणि वर्गात परत येऊन जुनेच धडे घोकत बसली. खुरपणी आणि गणित यांना जोडणारा शिक्षक नसेल तर खुरपणी नुसती मजुरी ठरते. आणि आपलं मूल कारकून, डॉक्टर, शिक्षक व्हावं असं वाटणाऱ्या पालकांना शाळेत कुदळ नको असते, तर त्यांना दोष कसा देणार? वसाहतींच्या काळात आफ्रिकी मुलांना मुद्दाम हातकामापुरतं शिक्षण दिलं जाई, हे त्यांच्या आई-वडिलांनी भोगलं होतं. गांदोत मुलांनी पायाचे दगड वाहिले ते टिकलं, कारण त्या दगडांवर पुढे त्यांचाच वाचन-लेखनाचा वर्ग उभा राहिला.

भाषेचा प्रश्न तर भिंतींहून अवघड. बुर्किना फासोत साठच्या आसपास भाषा बोलल्या जातात. शाळेची भाषा मात्र फ्रेंच. मोरे, द्युला किंवा फुलफुल्दे बोलत घरातून आलेलं सहा वर्षांचं मूल पहिल्या दिवसापासून न कळणारे आवाज ऐकतं, मग ते काय विचारणार आणि काय चर्चा करणार? १९९४ पासून तिथे द्विभाषिक शाळांचे प्रयोग सुरू आहेत. त्यांत मूल आपल्या भाषेतून सुरुवात करतं आणि हळूहळू फ्रेंचकडे जातं. २०२४च्या सुरुवातीला देशानं राज्यघटना बदलून राष्ट्रीय भाषांना अधिकृत दर्जा दिला आणि फ्रेंचला कामकाजाची भाषा केलं. पण कायदा बदलला तरी त्या भाषांतली पाठ्यपुस्तकं आणि शिक्षक तयार व्हायला वेळ जाणारच.

या बाबतीत एक धागा मुंबईहून आफ्रिकेत गेला आहे. 'प्रथम' ही संस्था १९९५च्या सुमारास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या मुलांसाठी सुरू झाली. तिथे विकसित झालेली पद्धत साधी आहे. मुलाजवळ बसून त्याला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतलं काय वाचता येतं ते काही मिनिटांत पाहायचं आणि इयत्ता विसरून, येतं त्यानुसार गट करायचे. मग रोज ठरावीक वेळ जमिनीवर गोल बसून गोष्टी, खेळ, काड्यांच्या जुड्या, गप्पा यांतून शिकवायचं. झांबियाच्या शिक्षण खात्यानं २०१६ पासून ही पद्धत 'कॅच अप' या नावानं तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वापरायला घेतली, आणि तीही स्थानिक भाषांतून. पुढे आफ्रिकेतल्या आणखी देशांत ती पोचली. शाळेचा आराखडा काढणाऱ्यांसाठी यात एक सरळ मागणी दडलेली आहे. एका वर्गातली मुलं रोज तासभर तीन-चार गटांत विखुरणार असतील तर त्यांना विखुरायला सावली हवी, हलवता येणारी बाकं हवीत आणि बसण्याजोगी जमीन हवी. जमिनीत रोवलेले लांब बाक असलेल्या खोलीत गोल करून बसताच येत नाही. गांदोतली, दोन वर्गांमधली ती छप्पर असलेली मोकळी जागा अशा शिकवण्यासाठी जणू आधीच तयार होती.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. गावागावाला केरे मिळणार नाहीत, आणि देणग्यांवर उभी राहिलेली एक सुंदर शाळा देशाचा प्रश्न सोडवत नाही. खरं आहे. पण गांदोतून न्यायच्या गोष्टी वास्तुकाराच्या प्रतिभेवर अवलंबून नाहीत. छत आणि पत्रा यांच्यात हवेला वाट, पुढे आलेलं छप्पर, समोरासमोर मोठ्या झडपा, वर्गांमध्ये सावलीची जागा, शिक्षकाचं घर, आणि बांधताना गावातल्या दहा-वीस माणसांना रोजगारासह प्रशिक्षण. एवढ्या अटी कुठल्याही शिक्षण खात्याच्या ठरावीक नमुना-नकाशात बसतात. साहित्य मात्र जागेप्रमाणे बदलायला हवं. गांदोत माती आणि कुदुगूत जांभा. सेनेगलच्या फास गावी वास्तुकार तोशिको मोरी यांनी २०१९ साली उभारलेल्या शाळेवर गवताचं शाकारलेलं छप्पर आहे, कारण तिथल्या लोकांना शाकारणी येते.

आज शाळा उभारण्याचा हा प्रश्न बुर्किना फासोपुढे फार निकडीचा आहे. २०१५ नंतर वाढत गेलेल्या सशस्त्र हिंसाचारामुळे देशात हजारो शाळा बंद पडल्या आणि लाखो माणसं विस्थापित झाली. घर सोडून आलेली मुलं ज्या गावात आसरा घेतात तिथल्या शाळेत नाव घालतात, आणि पन्नासाच्या वर्गात शंभर होतात. अशा वेळी बाहेरून ठेकेदार येईल, सिमेंट पोचेल, रस्ता सुरक्षित असेल, यातलं काहीच धरून चालता येत नाही. पावसाळ्याआधी आणखी एक वर्ग हवा असेल तर तो जवळच्या मातीतून, गावातल्याच गवंड्यांनी आणि वेल्डरांनी उभारायला लागेल. गांदोत पहिल्या तीन वर्गांपुढे वाढलेल्या वर्गांसाठी आधी तयार झालेली माणसं हाताशी होती. विस्थापितांना आसरा देणाऱ्या गावांत अशी माणसं तयार करण्यासाठी मदतीतला पैसा वेगळा काढावा, आणि तो पहिल्या वर्गाच्या पायाबरोबरच खर्च व्हायला लागावा, अशी मागणी मदत देणाऱ्या संस्थांकडे आणि सरकारांकडे करायला हवी.